विश्लेषण : ट्रकचालकाला रात्री फोन करणारा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ कोण असतो? त्याला शिकवणं का गरजेचं?

समजा, चाकणच्या एका कारखान्याच्या गेटबाहेर सकाळी सहाला ट्रक लागला. गाडी आत घ्यायला दुपार झाली, माल भरेपर्यंत संध्याकाळ. बिल्टी आणि ई-वे बिल हातात पडून ट्रक बाहेर निघाला, तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. माल होसूरला न्यायचा आहे, साधारण नऊशे किलोमीटर. वाहतूक कंपनीच्या स्क्रीनवर ट्रिप सुरू झाल्याची वेळ पडली : २२.००. ग्राहकाला शब्द दिलाय, परवा सकाळी सहाला गाडी दारात. म्हणजे हाताशी बत्तीस तास.

गाडीच्या हिशेबाने हे जमतं. ताशी ४५ किलोमीटरची सरासरी धरली तर वीस तास चालवणं, उरलेल्या बारा तासांत जेवण, डिझेल, टोल आणि झोप. पण ड्रायव्हर पहाटेपासून जागा आहे. रांगेत त्याने डुलकी काढली असेल, मात्र पुढची गाडी हलली की आपली हलवायची असते, त्यामुळे ती काही झोप नव्हे. गेटबाहेर पडताना तो निदान सोळा तास जागा आहे. ट्रिपचा पहिला तास संपतो तेव्हा सतरा.

सतरा हा आकडा महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातील ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं मंदावतं, आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखं, असं त्यात दिसलं. भारतात वाहन चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आपला ड्रायव्हर दारूचा थेंबही न घेता रात्री अकराला ती ओलांडून गेल्यासारखा आहे, आणि पहाटे सहाला तर तिच्या तिपटीच्या पुढे.

ही दोन घड्याळं, एक गाडीचं आणि एक ड्रायव्हरचं, एकत्र वाचण्याची जबाबदारी कंपनीत कुणाची? ती ज्याच्याकडे असायला हवी, त्याला अमेरिकेत ‘ड्रायव्हर मॅनेजर’ म्हणतात. आपल्याकडेही हा माणूस प्रत्येक मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत बसलेला असतो. फक्त त्याला हे काम आपलं आहे, असं सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे त्याला काय म्हणतात?

ट्रॅफिक इनचार्ज, फ्लीट सुपरवायझर, ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह. जुन्या पेढ्यांत मुनीम. कळंबोली, भिवंडी किंवा वाळूजच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गेलात तर तो ओळखायला सोपा असतो. दोन मोबाइल, समोर नकाशावर हिरवे-लाल ठिपके, आणि दिवसभर एकच प्रश्न : कुठं पोहोचलास?

गाडी लोडिंगला लावणं, ॲडव्हान्स टाकणं, खाली झालेल्या गाडीला परतीचा माल मिळवणं, ग्राहकाला उत्तरं देणं, पंक्चरपासून अपघातापर्यंत सगळे फोन घेणं, ही त्याची कामं. ड्रायव्हरसाठी कंपनी म्हणजे हाच माणूस. मालकाला त्याने कदाचित कधी पाहिलेलंही नसतं. सुट्टी मिळणार की नाही, पैसे कधी येणार, झोपायला थांबू का, या सगळ्याचं उत्तर फोनवरच्या एकाच आवाजाकडून मिळतं.

या जागेवर दोन प्रकारची माणसं येतात. एक, कॉलेजातून थेट आलेली, एक्सेल येणारी, ट्रकच्या केबिनमध्ये एकदाही न बसलेली. दुसरी, जुने ड्रायव्हर. जुना ड्रायव्हर रस्ता जाणतो, घाट जाणतो, कोणत्या ढाब्यावर डिझेलची चोरी होते तेही जाणतो. त्यामुळे तोच चांगला मॅनेजर होईल असं वाटतं, आणि बऱ्याचदा होतोही. पण त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : आम्ही तर तीन-तीन रात्री जागून गाड्या काढल्यात. स्वतः सोसलेलं पुढच्यालाही सोसता येतं, असं धरून चालणारा माणूस या खुर्चीत कॉलेजच्या पोराइतकाच धोक्याचा.

दोघांनाही प्रशिक्षण म्हणून बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरचा लॉगिन मिळतो आणि ग्राहकांच्या नंबरांची यादी.

लाल ठिपका आणि रात्रीचा फोन

इथे थोडं स्वतःचं सांगतो. मेकॅनिकल इंजिनीअरिंग झाल्यावर बातमीदारीत येण्याआधी काही महिने मी एका वाहतूक कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी केली. गाडी तीस मिनिटांहून जास्त थांबली की ठिपका लाल व्हायचा आणि आवाज व्हायचा. आवाज झाला की ड्रायव्हरला फोन करायचा, कारण विचारायचं, कारणाचा कोड टाकायचा. एका रात्री पावणेतीनला एका लाल ठिपक्याला मी फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता, मग झोपेतला आवाज : निघतो साहेब. मी ‘ड्रायव्हर रेस्ट’चा कोड टाकला आणि पाच मिनिटांत ठिपका हिरवा झाला. त्या वेळी मला ते काम चोख झाल्यासारखं वाटलं होतं. त्या माणसाला मी त्याच्या झोपेतून उठवून, शरीर सर्वांत सुस्तावलेलं असतं अशा वेळी रस्त्यावर ढकललं, हे लक्षात यायला मला बरेच महिने लागले. त्या रात्री काही झालं नाही. पण त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

गंमत अशी की तीच यंत्रणा उलट्या बाजूनेही वापरता येते. जीपीएसला गाडी थांबल्याचं कळतं तसंच ती चार तास सलग न थांबता पळतेय हेही कळतं. तिथे अलार्म लावणं म्हणजे सेटिंगमधला एक बदल. आमच्या स्क्रीनवर तो नव्हता. अलार्म कोणत्या गोष्टीसाठी वाजावा हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, ते विकत घेणारी कंपनी ठरवते.

अमेरिकेत हे पद एवढं महत्त्वाचं का झालं?

कारण तिथल्या मोठ्या लांब पल्ल्याच्या कंपन्यांना गळतीने घेरलं. तिथल्या ट्रक उद्योगाच्या संघटनेच्या, अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्सच्या, आकडेवारीत मोठ्या ‘ट्रकलोड’ कंपन्यांमधली चालकांची वार्षिक गळती करोनापूर्व वर्षांत अनेकदा ९० टक्क्यांच्या वर नोंदली गेली. याचा अर्थ दरवर्षी सगळेच ड्रायव्हर बदलतात असा नाही. बरेच जण वर्षानुवर्षं टिकतात आणि काही जागांवर वर्षात तीन-तीन माणसं येऊन जातात. नवा माणूस पहिल्या काही महिन्यांत सोडतो, त्याचा हा आकडा.

मग तिथे ड्रायव्हरांचा तुटवडा आहे का? स्टीफन बर्क्स आणि क्रिस्टन मोनॅको या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या ‘मंथली लेबर रिव्ह्यू’मध्ये याचा अभ्यास मांडला. एकूण ट्रकचालकांचा बाजार इतर कष्टाच्या कामांसारखाच चालतो आणि प्रचंड गळती ही प्रामुख्याने लांब पल्ल्याच्या ट्रकलोड कंपन्यांची गोष्ट आहे, असा त्याचा सूर. माणसं आहेत, पण ती तिथे थांबत नाहीत. तिथे पैसे मैलावर मिळतात, गोदामाच्या दारात ताटकळण्याचे बहुधा मिळत नाहीत किंवा तुटपुंजे मिळतात, आणि घरी कधी जायचं हे दुसरा कुणीतरी ठरवतो. यातलं बरंचसं रोजच्या रोज हाताळणारा माणूस म्हणजे ड्रायव्हर मॅनेजर. त्यामुळे गाड्या पाठवणाऱ्या जुन्या ‘डिस्पॅचर’चं काम मागे पडून, ठरावीक ड्रायव्हरांची टोळी सांभाळणारा मॅनेजर अशी त्याची ओळख झाली.

तिथे त्याच्या हाती एक गोष्ट आयती असते : ड्रायव्हरचं घड्याळ. सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर ड्रायव्हर कामावर आला की चौदा तासांची खिडकी उघडते आणि त्यात जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते. गोदामाबाहेर ताटकळलेला वेळही साधारणपणे त्या चौदा तासांतूनच वजा होत जातो. डिसेंबर २०१७ पासून ही नोंद बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांत इलेक्ट्रॉनिक यंत्रावर होते, आणि मॅनेजरला ती स्क्रीनवर दिसते. आपल्या चाकणच्या ड्रायव्हरचे गेटवरचे सोळा तास तिथे लपले नसते. शिवाय जानेवारी २०१६ पासून तिथे आणखी एक नियम आहे. वेळेचे नियम मोडायला लावण्यासाठी ड्रायव्हरला काम काढून घेण्याची धमकी देणं, मग ती कंपनीने दिलेली असो वा माल पाठवणाऱ्या ग्राहकाने, हाच गुन्हा ठरतो.

म्हणून तिथलं सगळं आलबेल आहे असं नाही. नियम असूनही गळती राहिलीच. पण मॅनेजरला ‘नाही’ म्हणायला कायद्याचा आधार आहे, एवढा फरक पडतो.

आपल्याकडे नियमच नाहीत का?

आहेत. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची चौकट घातली, लांब पल्ल्यासाठी ती काही अटींवर दहा आणि ५४ तासांपर्यंत वाढवता येते असं म्हटलं, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला असला, तरी आठ तासांचा पाया तोच आहे. प्रत्यक्षात, सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत जवळपास निम्म्या ट्रकचालकांनी थकलेलं किंवा झोप येत असतानाही गाडी चालवत असल्याचं कबूल केलं. त्याच पाहणीतले ८४ टक्के जण म्हणाले, आम्ही आमच्या घरच्यांना या धंद्यात या म्हणून सांगणार नाही.

सरकारी बाजूचं उदाहरण आपल्या गावातच आहे. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक असतो, ड्यूटीचा तक्ता असतो, मुक्कामाची गाडी कुणाची आणि सकाळी ती घेऊन कोण परत येणार हे लिहिलेलं असतं. एसटीतही डबल ड्यूट्या लागतात आणि विश्रांतीगृहांची अवस्था आपण जाणतोच. तरी ड्रायव्हर किती वाजल्यापासून कामावर आहे, हे कागदावर असतं. खासगी ट्रकमध्ये बिल्टीवर मालाचं वजन असतं, वाहनाचा नंबर असतो, ड्रायव्हर कधी झोपला होता याचा रकाना नसतो.

त्यात किन्नर गेला. पूर्वी प्रत्येक ट्रकवर क्लीनर असायचा. तो गाडी धुवायचा, मागे बघायचा, रात्री उस्तादला बोलतं ठेवायचा आणि चार-पाच वर्षांत स्वतः ड्रायव्हर व्हायचा. खर्च वाचवायला बहुतेकांनी तो काढला. आता रात्री ड्रायव्हरशी बोलणारा एकच माणूस उरला आहे, फोनवरचा.

मग चांगल्या ड्रायव्हर मॅनेजरला शिकवायचं काय?

पहिली गोष्ट, गाडी देण्याआधीचा प्रश्न बदलायचा. ‘गाडी रिकामी आहे का?’ याऐवजी ‘शेवटचं कधी झोपलास?’ हा प्रश्न विचारला आणि उत्तर लिहून ठेवलं, तर चाकणची ट्रिप रात्री दहाला निघणारच नाही. ड्रायव्हर दहाला गेटबाहेर पार्किंगमध्ये झोपेल, पहाटे पाचला निघेल. मग पहिल्या दिवशी दहा तास चालवून मुक्काम, दुसऱ्या दिवशी दहा तास. गाडी परवा सकाळी सहाऐवजी परवा संध्याकाळी पोहोचेल. अकरा-बारा तासांचा उशीर.

आणि हा उशीर ग्राहकाला सांगता यायला हवा, हे दुसरं शिक्षण. ते जास्त कठीण आहे. ‘गेटवर तुम्ही सोळा तास गाडी अडवलीत, म्हणून पोहोचायची वेळ पुढे गेली’ हे वाक्य नम्रपणे, पुराव्यासकट, रात्री दहालाच बोलायचं असतं. बहुतेक सुपरवायझर ग्राहकाला ‘हो, हो’ म्हणतात आणि सगळा ताण ड्रायव्हरच्या ॲक्सिलरेटरवर सोडतात. पण हे बोलण्याचा अधिकार कंपनीने दिलेला नसेल तर नुसत्या शिकवण्याने काही होत नाही. मालकाने स्वतः फोन करून ‘तुझा माणूस ऐकत नाही’ म्हणणाऱ्या ग्राहकाला एकदा तरी आपल्या मॅनेजरच्या बाजूने उत्तर द्यावं लागतं.

इथे ई-वे बिलाचा बाऊ केला जातो. पण साध्या मालाला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत आहे. नऊशे किलोमीटरला पाच दिवस. घाई बिलाची नसते, ग्राहकाला दिलेल्या शब्दाची असते.

तिसरी गोष्ट हिशोबाची, आणि माझ्या मते ड्रायव्हर टिकवण्यात हिचा वाटा सर्वांत मोठा. फास्टॅग आणि डिझेल कार्ड आल्यापासून रोख कमी झाली, तरी हमाली, पंक्चर, पार्किंग आणि रस्त्यात ज्यांची पावती कधीच मिळत नाही असे खर्च उरतातच. ट्रिप संपल्यावर ड्रायव्हर हिशोब घेऊन येतो आणि कापाकापी सुरू होते. ॲव्हरेज कमी आलं, डिझेल कापा. दोन पेट्या कमी भरल्या, शॉर्टेज कापा. ई-चलान आलं, तेही कापा. काही कपाती योग्यही असतात. पण ॲव्हरेज काढताना घाट किती, माल किती टन, किती वेळ गाडी रांगेत चालू ठेवावी लागली, हे बघायला शिकवलेलं नसेल तर मॅनेजर सरसकट आकडा लावतो आणि ड्रायव्हर सरसकट चोर ठरतो. ट्रिप संपल्यापासून ठरलेल्या दिवसांत हिशोब, आणि प्रत्येक कपातीचं कारण ड्रायव्हरच्या भाषेत, हा साधा नियम. व्यावसायिक परवान्यासाठीची आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे इंग्रजी पीडीएफ पाठवून ‘कळवलं’ म्हणण्यात अर्थ नाही. उत्तर प्रदेशातल्या ड्रायव्हरला हिंदीत, बीडच्या ड्रायव्हरला मराठीत एक व्हॉइस नोट पाठवली तर काम होतं.

घरी जाण्याचा शब्द ही त्याच्याच शेजारची गोष्ट. बहिणीचं लग्न किंवा गावची जत्रा यासाठी महिनाभर आधी मागितलेली सुट्टी ‘बस्स, एक ट्रिप मारून ये’ म्हणत दोनदा पुढे ढकलली, की तिसऱ्यांदा ड्रायव्हर विचारत नाही. गाडी पंपावर लावतो, चावी पंपवाल्याकडे देतो आणि एसटी पकडतो. ऑफिसात त्याची नोंद होते, ‘ड्रायव्हर पळाला’.

अपघाताचा फोन हा वेगळा धडा. पहिला प्रश्न ‘माल ठीक आहे ना?’ असेल तर ड्रायव्हरला कायमचं कळतं की आपण कुठे आहोत. तुला लागलं का, समोरच्याला लागलं का, ११२ लावला का, हा क्रम पाठ करून घ्यावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आपल्याकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की थांबलो तर जमाव मारतो. ते कलम, भारतीय न्याय संहितेचं १०६(२), जुलै २०२४ मध्ये संहिता लागू होताना बाजूला ठेवलं गेलं. पण भीती खरी आहे आणि त्या क्षणी ‘तिथून निघ, पण थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, मी तिकडे फोन करतोय’ असं सांगणारा शांत आवाज एकच असू शकतो.

हे सगळं वर्गात बसून शिकता येतं का? थोडंफार. पण प्रत्येक नव्या मॅनेजरला खुर्चीत बसवण्याआधी कंपनीच्याच गाडीत, ड्रायव्हरशेजारी, एक पूर्ण ट्रिप पाठवावं, जाताना आणि येतानाही. आंघोळीसाठी पंप शोधणं काय असतं हे एकदा अनुभवलं, की ‘कुठं पोहोचलास’चा सूर बदलतो. तेल कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ नावाने विश्रांतीच्या सोयी सुरू केल्यात, त्या कुठे आहेत हे मॅनेजरला तोंडपाठ हवं, कारण ‘थांब’ म्हणताना कुठे थांब हेही सांगावं लागतं.

आणि मोजमाप. मॅनेजरचा पगारवाढीचा तक्ता फक्त ट्रिपा आणि वेळेवर डिलिव्हरी यावरच ठरत असेल तर वरचं सगळं प्रशिक्षण आठवड्यात विरघळतं. त्याच्या हाताखालचे किती ड्रायव्हर वर्षात सोडून गेले आणि ठरलेल्यांपैकी किती सुट्ट्या खरंच मिळाल्या, हे दोन आकडे त्या तक्त्यात आले की त्याचं लक्ष आपोआप तिकडे जातं.

मॅनेजर बदलण्यापेक्षा पद्धतच बदलली तर?

तसा प्रयत्न झालाय. दीपक गर्ग आणि गझल कालरा यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या रिव्हिगोने रिलेची पद्धत आणली. ड्रायव्हर चार-पाच तास गाडी चालवून ती पुढच्या ठाण्यावर दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि उलट दिशेची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी परतायचा. ट्रक थांबत नव्हता आणि माणूस झोपत होता. पण यासाठी दोन्ही दिशांना माल आणि सगळीकडे ठाणी लागतात, ते महाग पडतं. २०२२ मध्ये त्यांचा एक्सप्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने २२५ कोटींना घेतला. बहुतेक कंपन्यांसाठी एक ट्रक आणि एक ड्रायव्हर हेच वास्तव पुढेही राहणार आहे.

त्यातही देशातले बहुसंख्य ट्रक पाच-सात गाड्यांच्या मालकांचे. तिथे मालकच मॅनेजर. त्याला हप्ते भरायचे असतात, तोच रात्री फोन करतो. गाडी मोठ्या कंपनीला अटॅच असेल तर फोन कंपनीचा सुपरवायझर करतो आणि पगार मालक देतो, म्हणजे घाई एकाची आणि जबाबदारी दुसऱ्याची.

आता एसी केबिनचं काय?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. हे चांगलंच झालं. पण सर्वसाधारण ट्रकमध्ये एसी इंजिनवर चालतो. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी दोनला, रात्रभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला केबिनमध्ये झोपायचं असेल तर इंजिन चालू ठेवावं लागेल, त्यात डिझेल जळेल, ॲव्हरेज घसरेल आणि ते हिशोबात कापलं जाईल. म्हणून तो एसी बंद करेल, घामाने निथळत तासभर कूस बदलत पडेल आणि संध्याकाळी निघेल. झोपेसाठी जळलेलं चार लिटर डिझेल हिशोबात मान्य करायचं की नाही, हे त्या नियमात लिहिलेलं नाही. ते त्याच फोनवरच्या माणसाला ठरवायचं आहे.